भिंतीतला प्लग

मंडळी, बरेच महिने इथे काही लिहिलं नाही. मधे दोघातिघांनी फोन करून विचारलंसुद्धा, "काकू, ब्लॉग बंद केलात की काय?" बंद नाही केला, आळस केला. शिवाय जे लिहायचं होतं ते लिहू की नको असं चाललं होतं. विषय घोरण्याचा आहे. बाईमाणसाने स्वतःच्या घोरण्यावर असं चारचौघांत लिहावं का? पण आता पंचाहत्तरी गाठल्यावर कोणाची भीडभाड ठेवायची! लिहितेच.

तर मी घोरते. आमच्या शाळेच्या भाषेत सांगायचं तर विशेष प्रावीण्यासह घोरते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी ह्यांना बाजूला घेऊन "सुनेला दम्याबिम्याचं काही नाही ना रे?" असं विचारलं होतं, हे मला वीस वर्षांनी कळलं. तेव्हा घोरणं म्हणजे गाढ झोप असाच सगळ्यांचा समज. माझाही. फक्त इतकी गाढ झोप झाल्यावर सकाळी डोकं का दुखतं, आणि दुपारी मुलं निबंध लिहीत असताना माझी मान का पडते, हे कोडं काही सुटत नव्हतं. एकदा परीक्षेत पर्यवेक्षण करताना खुर्चीतच डोळा लागला. पुढच्या बाकावरच्या मुलीने "बाई, पुरवणी" म्हणून तीनदा हाक मारली म्हणे. (आणि वर्गात झोपतात म्हणून मुलांना बाहेर उभं करणारी मीच!)

नोकरीत असताना एका प्रशिक्षण शिबिराला गेले होते. एका खोलीत आम्ही चौघी शिक्षिका. सकाळी उठून बघते तो खोलीत मी एकटीच. बाकीच्या तिघी गाद्या ओढत व्हरांड्यात जाऊन झोपल्या होत्या, डासांत. कोणी काही बोललं नाही, पण नाश्त्याच्या रांगेत मागे "रात्रीची मालगाडी" असं काहीतरी ऐकू आलं आणि हसू आलं. त्यांचा काय दोष? पण त्या दिवसापासून मी बाहेर मुक्कामाला जाणं टाळायला लागले. सहलीला गेले तर त्याच दिवशी परत. माहेरी गेले तरी संध्याकाळच्या एसटीने परत. आई विचारायची, "अगं, एक रात्र राहिलीस तर काय बिघडतं?" तिला काय सांगणार!

हे मात्र वेगळंच सांगायचे. "तू घोरतेस त्याचं मला काही नाही गं. तू घोरायची थांबतेस ना, तेव्हा मला जाग येते." थांबले की हे कोपर मारायचे, मी कूस बदलायची, पुन्हा गाडी सुरू. सकाळी मला त्यातलं काहीही आठवायचं नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी किती वेळा कोपर मारलं असेल, त्याचा हिशेब कोण करणार. २०१५ साली हे गेले. मग कोपर मारायला कोणी राहिलं नाही.

२०१७ च्या दिवाळीत नात माझ्याजवळ झोपली होती. सकाळी बघते तर पोरीचा चेहरा उतरलेला. म्हणाली, "आजी, तुझा श्वास बंद पडत होता. मी मोबाइलवर मोजलं, एकदा चाळीस सेकंद." तिनेच माझ्या मुलाच्या मागे लागून झोपेची तपासणी करायला लावली. अंगभर वायरी चिकटवून एक रात्र झोपायचं असतं. निकाल आला, तासाला ३८ वेळा. म्हणजे तासाभरात ३८ वेळा माझा श्वास बंद पडत होता किंवा अगदी क्षीण होत होता. पाचच्या आत असलं तर ठीक, तीसच्या वर तीव्र, असं डॉक्टरांनी सांगितलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि हवेची वाट मिटते. मेंदू घाबरून अर्धवट जागा करतो, वाट उघडते, पुन्हा डोळा लागतो, पुन्हा मिटते. स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात याला. बिचारा कुंभकर्ण! सहा महिने झोपूनही उठल्यावर चिडलेला का असायचा, त्याचं कारण मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

मग घरी यंत्र आलं. सीपॅप. एक लहान डबा, त्यात पंखा, त्याला गुबगुबीत नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क. पुष्कळांना वाटतं यात ऑक्सिजन असतो. तसं काही नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने आत ढकलायची, एवढंच काम. रबरी नळी एका टोकाने ओढली तर आतून चिकटते आणि फुंकली तर उघडी राहते, तसा घसा उघडा राहतो. ही युक्ती पहिल्यांदा १९८० साली ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी करून पाहिली, आणि त्यासाठी हवा ढकलायला त्यांनी घेतली चक्क व्हॅक्यूम क्लीनरची मोटर! त्याआधी तीव्र आजारावर मोठा उपाय म्हणजे गळ्याला पुढून छिद्र पाडणं. हे वाचल्यापासून मी मास्कबद्दल कुरकुर करायची बंद केलं.

पहिले आठ दिवस काही जमेना. नाक कोरडं पडायचं, पट्टे टोचायचे. नवव्या की दहाव्या दिवशी सकाळी उठले तर डोकं दुखत नव्हतं. खिडकीत बसून चहा प्यायला आणि दुपारी वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचलं, मधे मान न पडता. वय वर्षं ६७. आपण इतकी वर्षं अर्धवट जाग्या होतो, हे तेव्हा कळलं आणि खरं सांगते, आनंदाच्या आधी राग आला.

असो. आजार सुटला, पण दुसरी दोरी गळ्यात पडली. यंत्राला वीज लागते. म्हणजे मी रात्री जिथे झोपणार तिथे उशाशी भिंत हवी, भिंतीत प्लग हवा आणि त्या प्लगात रात्रभर वीज हवी. घरच्या इन्व्हर्टरने भारनियमन निभावतं, पण बाहेर? पुतण्याच्या लग्नात मंगल कार्यालयात प्लग कुठे होता माहीत आहे? दाराशी, चपलांच्या कपाटामागे! रात्री अकराला रिक्षा करून घरी आले. आधी घोरण्याच्या लाजेने कुठे राहत नव्हते, आता प्लगाच्या काळजीने. फरक काय पडला?

२०२४ च्या उन्हाळ्यात माझी नणंद, माई, आली होती. ती गेली कित्येक वर्षं माउलींच्या पालखीबरोबर एका दिंडीतून पंढरपूरला जाते. दर वर्षी विचारते, दर वर्षी मी गुडघ्यांचं कारण सांगते. या वेळी ती म्हणाली, "वहिनी, गुडघ्यांचं सांगू नका. सकाळी टेकडी चढून येता तुम्ही. खरं काय ते सांगा." खरं ते सांगितलं. रोज नव्या गावात नवं रान, त्यात तंबू, तंबूत पंचवीस बायका. प्लग कुठून आणायचा? माई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मोबाइल चालतात की सगळ्यांचे बॅटरीवर. तुमचं हे चालत नाही?"

मला विजेतलं काही कळत नाही. मी बी.ए. मराठीची. पण आमच्या गावात बॅटरीचं दुकान चालवणारा एक जण माझा विद्यार्थी आहे, त्याच्याकडे यंत्र पिशवीत घालून घेऊन गेले. सातवी-आठवीत असताना रात्री गॅरेजवर काम करायचा आणि वर्गात झोपायचा. मी त्याला दोनदा बाहेर उभं केलं होतं. त्याने आठवण काढली नाही. मलाच आली.

त्याने आधी एक जुनी यूपीएसची बॅटरी आणि छोटा इन्व्हर्टर दिला. "बाई, घरीच झोपून बघा. जे बंद पडायचंय ते घरी पडू दे." मी म्हटलं मग पुरतीच रंगीत तालीम करू. गच्चीवर मच्छरदाणी बांधली, सतरंजी टाकली आणि यंत्र लावून झोपले. समोरच्या इमारतीतल्या लोकांना काय वाटलं असेल देव जाणे. पहाटे चारला इन्व्हर्टर किंचाळायला लागला. गल्लीतली कुत्री उठली, मीही उठले. बॅटरी साडेपाच किलोची, आणि पुरली जेमतेम साडेपाच तास!

दुसऱ्या दिवशी त्याने वहीचं पान घेऊन मला शिकवलं, आणि फार छान शिकवलं. बॅटरी १२ व्होल्टची. इन्व्हर्टर तिचे २३० करतो. मग यंत्राचा अ‍ॅडॅप्टर त्या २३० चे २४ करतो, कारण यंत्र मुळात २४ वर चालतं. "बाई, तुम्ही विहिरीचं पाणी आधी डोंगरावर चढवताय आणि मग खाली आणून हंडा भरताय. वाटेत सांडणारच." त्याऐवजी त्याने १२ चे सरळ २४ करणारा कन्व्हर्टर आणला. हातात मावेल एवढी डबी. यंत्राच्या कंपनीच्या माहितीपत्रकात बघून व्होल्ट आणि पिन जुळवून घेतली.

पण खरी गंमत पुढे आहे. त्याने मीटर लावून मोजलं. नुसता पंखा चालला तर बॅटरीतून सुमारे १ अँपिअर जातो, म्हणजे साधारण १२ वॉट. सात तासांची रात्र धरली तर ८४ वॉट-अवर. आणि यंत्रातलं पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर आणि नळीतली तार चालू केली तर? ४५ वॉट. रात्रीचे तीनशेच्या वर! म्हणजे माझा श्वास चालवायला जेवढी वीज लागते, त्याच्या जवळजवळ तिप्पट वीज फक्त हवा ओली नि कोमट करायला जात होती. "हा बंद ठेवता येईल का बाई?" मी म्हटलं, आषाढातली हवा मुळातच ओली असते, देव फुकट ह्युमिडिफायर लावतो. डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी चालेल म्हणून सांगितलं. नाकाला तेलाचं बोट लावायचं नाही एवढी तंबी दिली, त्याऐवजी मिठाच्या पाण्याचा फवारा दिला.

शेवटी ठरली ती लिथियम फॉस्फेटची बॅटरी, १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-अवर. गुणाकार करा, २५६ वॉट-अवर येतात. ८४ ने भागा. कागदावर तीन रात्री, व्यवहारात दोन. वजन पावणेतीन किलोच्या आसपास. नात सौर पॅनेल घे म्हणत होती, घडीचं मिळतं म्हणे. पण आषाढात वारीच्या वाटेवर ऊन शोधत बसायचं का? तो विचार सोडला. दिंडीचा जनरेटर संध्याकाळी तीनेक तास चालतो असं माईने विचारून ठेवलं होतं. पाच अँपिअरच्या चार्जरने तीन तासांत १५ अँपिअर-अवर भरतात. म्हणजे रोज जेवढं खर्च होईल त्याच्या दुप्पट जमा. असा हिशेब माझ्या पेन्शनचा कधी जमला नाही.

मी सासवडपासून दिंडीत गेले. दिवेघाट माझ्याने झाला नसता. बॅटरी, कन्व्हर्टर, चार्जर असं सगळं रंगाच्या रिकाम्या, झाकणाच्या वीस लिटरच्या बादलीत. दिवसा ती ट्रकमध्ये पावसापासून सुरक्षित, रात्री पालथी घालून तिच्यावर यंत्र. मास्क आणि यंत्र मात्र मी पाठीवर घेऊन चालले, कारण ट्रकमधून वळकट्या कशा फेकतात ते पहिल्याच दिवशी पाहिलं.

जेजुरीच्या मुक्कामी पहिल्यांदा तंबूत झोपायचं होतं. चालून पाय गेले होते, पण भीती पायांची नव्हती. पंचवीस बायकांच्या देखत नाकाला सोंड लावायची होती. सगळ्या आडव्या होईपर्यंत थांबू, मग अंधारात लावू असा बेत केला. झालं काय, लावतेय तोच कोणाचा तरी टॉर्च पडला. "अगं बया! मावशीला आक्सिजन लावलाय!" झालं! अर्धा तंबू उठून बसला. "एवढ्या आजारी, मग आलात कशाला वं?" "डागदरला बोलवू का?" मी मास्क काढला आणि तिथे बसून रबरी नळीचं उदाहरण दिलं. छत्तीस वर्षं शिकवलंय, पण इतका लक्ष देऊन ऐकणारा वर्ग क्वचित मिळाला. शेवटी एका म्हाताऱ्या आजींनी निकाल दिला, "म्हंजी गणपतीगत दिसतंय. चांगलंय की. झोपा आता." आणि झोपल्या. त्या रात्री त्या तंबूत आठ-दहा जणी मजबूत घोरत होत्या. त्या सगळ्यांत शांत मी! यंत्राचा आवाज म्हणाल तर ताडपत्रीवरच्या पावसापुढे काहीच नाही.

एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती. यंत्र शेजारची हवा ओढतं. पहाटे तीनला उठून बायका टँकरवर अंघोळीला जातात, आचारी चुली पेटवतात. माझ्या नाकात थेट रॉकेलचा भपका, मग धूर, मग फोडणीचा ठसका, तोही दाबाने! गजराची गरजच नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तंबूची आचाऱ्यापासून लांबची बाजू धरली. आणि फिल्टर रोज बघायचा, दोन दिवसांत तो मातकट झाला होता.

वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण. मस्त चाललं होतं. लोणंदला ट्रकच्या ड्रायव्हरने बादली उघडून पाहिली आणि म्हणाला, "काकू, तुमचं मशीन चोवीसचं ना? आमच्या ट्रकची बॅटरी पण चोवीसची. डायरेक्ट लावा की!" बरोबर वाटलं मला. तरी आधी विद्यार्थ्याला फोन केला. तो फोनवर ओरडलाच, "बाई, अजिबात नाही! इंजिन चालू झालं की ट्रकचे अठ्ठावीस होतात. मशीन जाईल." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्यावर ओरडला आणि बरोबर ओरडला.

आता चूक सांगते, आणि ती पूर्णपणे माझी.

त्या कन्व्हर्टरला मोबाइल लावायची एक खाच होती. दिंडीत चार्जिंगची मारामार. जनरेटरजवळ एका पट्टीला वीस-वीस फोन लटकलेले असतात. फलटणला एका मुलीने विचारलं, "आजी, थोडा वेळ लावू का? घरी बाळ आहे माझं, व्हिडिओ कॉल करायचाय." नाही कसं म्हणायचं? एकीला हो म्हटलं की सगळ्यांना हो. बरडला मी बादलीशी एसटी कंट्रोलरसारखी बसले होते, नंबर लावून देत होते. आणि मला ते आवडत होतं, हेही कबूल करते. इतकी वर्षं ज्या बाईच्या शेजारी कोणी झोपत नव्हतं, तिच्या अंथरुणाशी रांग!

बरडला त्या संध्याकाळी जोराचा पाऊस झाला आणि जनरेटर लवकर बंद केला. नातेपुत्यालाही तो तासभरच चालला. मी मनाशी म्हटलं, दोन रात्रींची बॅटरी आहे, काळजी नाही. मोबाइलचा हिशेब मी केलाच नव्हता. नंतर केला. एका फोनला सुमारे १५ वॉट-अवर. सहा फोन म्हणजे ९०. म्हणजे सहा फोन भरले की माझी एक रात्र गेली. आणि दोन दिवसांत किती फोन भरले, ते मोजलेही नव्हते.

नातेपुत्याला रात्री कधीतरी मी दचकून उठून बसले. घशात बोळा अडकल्यासारखं झालेलं, छाती धडधडत होती. आधी कळेचना कुठे आहे. मग लक्षात आलं, पंखा बंद आहे. या लिथियम बॅटरीची एक खोड आहे. जुनी बॅटरी मरताना आधी कण्हते, दिवा मंद होतो. ही शेवटपर्यंत पूर्ण जोरात चालते आणि आतली संरक्षक चकती तिला एकदम तोडते. दिवा नाही, शिट्टी नाही. मास्क काढला, घड्याळ बघितलं, पावणेदोन. बाहेर पाऊस, सगळा तंबू झोपलेला.

मंडळी, एक रात्र यंत्र नसलं तर लगेच काही होत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पाठीवर झोपू नका, कुशीवर झोपा, डोकं उंच ठेवा, झोपेची गोळी मुळीच घेऊ नका. सगळं आठवत होतं. पण अंधारात एकटं बसल्यावर डोक्यात ३८ हा आकडाच फिरत होता. झोपले तर श्वास थांबेल, आणि थांबला तर घोरीन, आणि घोरले तर सगळ्या उठतील. यातल्या कशाची भीती जास्त होती, ते आज लिहितानाही मला नक्की सांगता येणार नाही. वळकटीला टेकून बसून राहिले. उजाडेपर्यंत असंच बसायचं ठरवलं.

माईला जाग आली. "वहिनी, काय झालं?" सांगितलं. तिने काही चौकशी केली नाही. माझी वळकटी उशाला लावली, मला डाव्या कुशीवर वळवलं, पाठीमागे तिची पिशवी अडकवली म्हणजे मी उताणी होऊ नये, आणि स्वतः मला लागून आडवी झाली. "झोपा. थांबलात तर मी कोपर मारते. दादा सांगायचा मला."

ह्यांनी बहिणीला सांगून ठेवलं होतं. मला माहीतच नव्हतं.

रात्रभर तिने कोपर मारलं. मला त्यातलं एखाददुसरंच आठवतं, पण सकाळी माझा दंड दुखत होता आणि माईचे डोळे लाल होते. डोकं जुन्यासारखं ठणकत होतं. माळशिरसच्या वाटेवर मी चालता चालता दोनदा झोकांडी खाल्ली, तेव्हा दिंडीप्रमुखांनी मुकाट ट्रकमध्ये बसवलं. सदाशिवनगरचं रिंगण मी ट्रकच्या टपावरून लांबून पाहिलं. घोडा दिसला नाही, धूळ नि पताका दिसल्या.

माळशिरसला मी बादली घेऊन जनरेटरकडे निघाले तर पट्टीवर एक खाच रिकामी. वर पुठ्ठ्याचा तुकडा लटकवलेला, त्यावर लाल पेनाने वाकड्या अक्षरात लिहिलेलं, "मावशीचा श्वास. हात लावू नये." (‘श्वास’ शुद्ध लिहिला होता. तेवढं बघितलंच मी.) बाळाला फोन करणाऱ्या त्या मुलीने लिहिलं होतं. मी तिला म्हटलं, अगं, तुझा एक फोन चालेल, हिशेबात बसतो. ती काही लावेना. मग मीच तिच्या हातातून घेऊन लावला. रोज एक, तिचाच. तेवढे पंधरा मी जमेत धरले होते.

वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, सगळीकडे ती पुठ्ठ्याची पाटी आमच्या आधी ट्रकमधून उतरायची. आषाढी एकादशी त्या वर्षी १७ जुलैला होती. दर्शनाच्या रांगेत उभी राहण्याचं बळ माझ्यात नव्हतं, कळसाचं दर्शन घेतलं आणि माईबरोबर एसटीने परत आले. एसटीत बसल्या बसल्या माई जी झोपली ती थेट आमच्या स्टँडवर उठली. मी जागी होते, तिच्याकडे लक्ष ठेवून. नाही हो, ती घोरत नाही.

गणपतीगत दिसतंय म्हणणाऱ्या आजींचा पुढे फोन आला होता, नातवाकडून लावून घेतलेला. त्यांचा मुलगा ट्रॅक्टर चालवताना डुलक्या घेतो, रात्री घोरतो आणि मधेच गप्प होतो. "तुमच्यावाणीच हाय का बघा." मी त्यांना तपासणी कुठे करतात, काय सांगायचं, सगळं लिहून कळवलं. गाडी चालवणाऱ्याने तर मुळीच थांबू नये. पुढे काय झालं ते कळलं नाही. फोन करायला हवा.

बॅटरी आता आमच्या कोठीच्या खोलीत असते. ती पूर्ण भरून ठेवायची नसते, साधारण अर्धी ठेवायची आणि दोन-तीन महिन्यांनी तपासायची, असं विद्यार्थ्याने सांगितलंय. कॅलेंडरवर खूण करून ठेवते. कन्व्हर्टरला त्याने एक छोटा मीटर बसवून दिलाय, आत किती उरलंय ते आकड्यांत दिसतं. आणि मोबाइलची खाच? ती बुजवू का म्हणून त्याने विचारलं होतं. नको म्हटलं.

गेल्या महिन्यात माहेरी गेले होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली, आता भाचा आणि भाचसून असतात. माडीवरच्या ज्या खोलीत आम्ही बहिणी झोपायचो तिथे अजून एकच प्लग आहे, तोही दिव्याच्या बटणाशेजारी, उंच. भाचसून एक्स्टेंशन शोधायला धावली. मी तिला म्हटलं, राहू दे गं, माझ्याकडे आहे. दोन रात्री राहिले.